आमची माणसं

संस्थेच्या वेबसाइटवर ‘आमची माणसं’ हे नवं पान आलं. नोकरीत कायम झालेल्या प्रत्येकाचा फोटो, आणि फोटो दाबला की त्याच्या कामाची माहिती. फोटोला नाव जोडलं की ज्यांना दिसत नाही त्यांनाही संगणक ते वाचून दाखवतो, हे सगळ्यांना शिकवलं ताईंनी. त्यांना स्वतःला दिसत नव्हतं. वर्षभर त्या हेच तपासत होत्या, आणि कायम होण्याची वाट बघत होत्या.

सकाळी हेडफोन लावून त्यांनी पान ऐकायला घेतलं. साहेब आले, स्वागतकक्षातल्या बाई आल्या, शिपाईमामाही आले. ताईंचं नाव काही येईना.

“माझा फोटो राहिला का रे?” त्यांनी पान बनवणाऱ्याला विचारलं.

“राहील कसा, ताई! सगळ्यात वर, सगळ्यात मोठा तुमचाच तर आहे.”

“मग हा मेला संगणक मला गाळून पुढे का पळतो?”

“साहेबच म्हणाले, त्या फोटोला नाव नको, लिंकही नको.”

“का?”



“तो नुसता शोभेचा आहे म्हणाले.”