जावई बरणी

आमच्या प्रयोगशाळेत एका बरणीला सगळे जावई म्हणतात. तिच्यात धुतलेली पांढरी वाळू सीलबंद असते. मातीचे नमुने आणायला निघालो की तिला पेटीत बसवून न्यायचं आणि न उघडता परत आणायचं. काम काही नाही, पण मान मोठा. तिच्यात शिसं सापडलं, तर वाटेत काहीतरी मिसळलं असं समजायचं.

जुन्या बॅटऱ्या पुरलेल्या मैदानावरून ती परत आली, तेव्हा सील शाबूत होतं आणि वाळूत शिसं होतं. खड्ड्यातल्या मातीत होतं तितकंच.

"जावई या वेळी जेवून आलेले दिसतात," धाकटे दीर म्हणाले. खड्डे तेच खणतात.

मला काही राहवेना. दुसऱ्या दिवशी मी नवी बरणी भरली, पण पाठवली नाही. कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. दीर एकटेच मैदानावर गेले.

दुपारी त्या बरणीतली चिमूटभर वाळू तपासली. शिसं कालच्यापेक्षा जास्त निघालं. बरणी पुन्हा कुलपात ठेवते आहे, तोच दिरांचा फोन आला.

"वहिनी, आज इथे माती लागतच नाहीये. पांढरी वाळू लागलीय, धुतल्यासारखी."

"किती आहे, भावोजी?"

"खणतोय तितकी. हे ऐका."

वाळूत फावडं खुपसल्याचा आवाज आला. खर्र, खर्र.

"पुरे आता, वर या," म्हणत मी फोन ठेवला.

खर्र, खर्र चालूच होतं. आवाज कपाटातून येत होता.