फुआतिनो बसली

फुआतिनो खाली बसली. माशांच्या पाण्यानं ओल्या झालेल्या फरशीवर, नीट मांडी घालून, सुरी शेजारी ठेवून.

तिच्या बाजूची पेनिना टेबलाला धरून उभी होती. तिला सातवा महिना होता. दोन आठवड्यांत ती तीनदा चक्कर येऊन पडली होती. डॉक्टरांनी फार वेळ उभं राहू नको म्हणून बजावलं होतं, आणि मुकादम फालानिकोनं साधं स्टूल द्यायला नकार दिला होता. एकीला दिलं की तीनशेजणी मागतील, असं त्याचं म्हणणं. सामोआतल्या त्या मासळीच्या कारखान्यात नऊ तास उभं राहूनच मासे कापायचे, बसेल ती कायमची घरी जाईल, असा नियम होता. पेनिनाच्या घरात कमावणारी ती एकटी. पोटातलं मूल सांभाळायचं की नोकरी, एवढंच तिच्या हातात उरलं होतं.

आणि नियम मोडला फुआतिनोनं. साठीला टेकलेली, जन्मात कुणाला उलट न बोललेली बाई.

फालानिको तरातरा आला. तो तिचा सख्खा भाचा. सकाळीच त्यानं तिला टोमणा मारला होता, "आत्याबाई, मताई झालात ते गावात. इथे आपले मासे कापा." शनिवारीच ती मताई झाली होती, म्हणजे घराण्यातली थोरली. जमीन, घरं, भांडणं, सगळं आता तिच्या शब्दावर. अकरा वर्षं घराणं त्यासाठी तिच्या मागे लागलं होतं आणि अकरा वर्षं ती नको म्हणत होती. यंदा अचानक हो म्हणाली. रीतीप्रमाणे चटया वाटल्या, डुकरं भाजली, कावा या मानाच्या पेयाचा पहिला पेला तिच्या हातात दिला. मताईनं मासे कापणं शोभत नाही, आता कारखाना सोड, असं सगळ्यांनी विनवलं. तेवढं मात्र तिनं ऐकलं नाही. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं फालानिको सांगत सुटला होता.

आता तिला उठवायला त्यानं तोंड उघडलं आणि त्याचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. मताई खाली बसलेली आणि तो तिच्या डोक्यावर उभा. असं तो उभ्या आयुष्यात कधी उभा राहिला नव्हता. मग त्याचे गुडघे वाकले आणि मुकादम फरशीवर बसला.

मग पेनिना बसली. मग तिच्या पलीकडची. मग रांगच्या रांग. कुणी या गावची, कुणी त्या. पण मताई ती मताई. रबरी बूट करकरले, सुऱ्या टेबलांवर टेकल्या आणि तीनशे बायका मांड्या घालून बसल्या. कुणी घोषणा दिली नाही, कुणी हसलंसुद्धा नाही. वर पट्टा चालूच होता आणि मासे एकामागून एक, कुणाचाही हात न लागता, पुढे जात होते. त्या दिवशी तिथे असलेल्या बायका अजूनही हे सांगताना आवाज खाली आणतात. अंगावर काटा येतो, म्हणतात, आणि येतोच.

काचेच्या खोलीतून परदेशी साहेब धावत खाली आला. हा संप आहे का, असं त्यानं विचारलं. फालानिकोनं बसल्या बसल्या सांगितलं, की संप नाही, आमच्या मताई बसल्यात, त्यांच्यासमोर उभं राहायची आमच्यात रीत नाही.

"मग उठव त्यांना."

"ते तुम्हीच सांगा, साहेब. पण आधी खाली बसा."

साहेबानं चहूकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या शेडमध्ये उभा असलेला तो एकटाच माणूस होता. मग पांढरी पँट सावरत हळूच टेकला.

फुआतिनोनं त्याच्याकडे मायेनं पाहिलं. "गार आहे ना फरशी?" ती म्हणाली. "या पोरीला सातवा महिना आहे. स्टुलं मागवा."

स्टुलं गुरुवारी आली. तीनशे. पेनिना बसून मासे कापायला लागली. एक दिवस तिनं धीर करून विचारलं, की मावशी, एवढं मोठं पद मिळालं, सगळे विनवत होते, मग नोकरी सोडून घरी का नाही राहिलात?

फुआतिनोनं सुरी पुसली.

"घरात बसायला पद कशाला लागतं?"