शब्बाथचा फोन

शनिवारी दुपारी कपाटावरचा फोन वाजला आणि शब्बाथची, आम्हा ज्यूंच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाची, शांतता मोडली. निर्वासितांचे कायदे बदलावेत म्हणून झगडणाऱ्या, लीड्समधल्या आमच्या सिनेगॉगच्या गटाचा तो फोन. शब्बाथला त्याला हात लावायचा तो फक्त कुणाचा जीव वाचवायला.

"कोठडीतून सेनाईत असेल. संध्याकाळी विमानात बसवताहेत तिला," मी म्हणाले. आश्रय नाकारलेल्या सेनाईतसाठी आमचा गट धडपडत होता.

"परत पाठवताहेत गं, मारत नाहीयेत," नवरा म्हणाला. "थांब, रब्बींना विचारून येतो."

"जिथल्या तुरुंगातून पळाली, तिथेच पाठवताहेत! आणि तू जा रमतगमत रब्बींकडे!"

मी हात पुढे केला, तेवढ्यात रिंग थांबली. कोठडीत परत फोन लावता येत नाही.

चार वर्षांच्या तिर्झाने टाळ्या पिटल्या. "थांबला! म्हणजे आता ती वाचली ना, आई?"