यादीतलं शेवटचं नाव

लीड्समधल्या माझ्या छोट्याशा रेकॉर्ड कंपनीच्या यादीत एकेकाळी चाकोरीबाहेरचं गाणारे अकरा ब्रिटिश कलावंत होते. कुणी मोठ्या कंपनीकडे गेलं, कुणी शाळेत शिकवायला लागलं. मी वेबसाइटवरून एकेक नाव काढत गेलो. उरली एकटी फिओना, तिची गिटार आणि कुणालाच गुणगुणता न येणारी तिची गाणी.

आज ती नव्या रेकॉर्डची नमुना प्रत ऐकायला आली. दोन्ही बाजू ऐकून झाल्यावर मी सुई उचलली आणि सांगून टाकलं, "फिओना, मी दमलोय. कंपनी बंद करतोय. खरं तर तुझ्यासाठीच चालवत होतो."

तिनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"आणि मी तुला वाईट वाटू नये म्हणून गात होते," ती म्हणाली. "चार वर्षं."

आम्हाला हसूही धड आलं नाही. ती चहाचे कप विसळायला उठली.

नळाखाली कप धरून ती काहीतरी गुणगुणायला लागली. चाल नवी होती, आणि अगदी साधी. सवयीनं माझा हात रेकॉर्डिंगसाठी फोनकडे गेला. मग मी फोन पालथा ठेवला आणि नुसता ऐकत बसलो.