अर्धा विंचू

पडद्यावरच्या बाईला तोंड नव्हते. माहितीपट काढणाऱ्या पुण्याच्या पोरांनी ते काळे करून टाकले होते, आवाजही घोगरा केला होता. बाई डोंगरातल्या पावरी बोलीत बोलत होती आणि खाली मराठी अक्षरे सरकत होती : ‘मोर्चावर गोळ्या झाडा, असं दादासाहेबच म्हणाले. मी झाडाआड उभी होते.’

तळोद्याच्या सभागृहात खिडक्यांना काळे कापड लावून भरदुपारी अंधार केला होता. दादासाहेब तीस वर्षे मंत्री. निम्मा जिल्हा त्यांची तसबीर देवाशेजारी लावतो, निम्मा त्यांचे नाव घेऊन थुंकतो. आज मात्र थुंकणारेही चिडीचूप होते, कारण पहिल्या रांगेत दादासाहेबांचा पुतण्या अजित बसला होता. शेजारी त्याचा जीपवाला गोवाल. “चाल, डोंगरमधल्या बाया तुलेच माहीत शेतस,” म्हणून अजितने त्याला बाई ओळखायला मुद्दाम आणले होते.

गोवालला या कामाचे वावडे नव्हते. आठ वर्षे अजितचे मीठ खाल्ले होते. याच माहितीपटात बोललेल्या सुकलालचे घर त्यानेच दाखवून दिले होते. त्या घराचे आता चार जळके खांब उरलेत.

बाईने पदर सावरला आणि तिचा हात पडदाभर झाला. मनगटावर विंचू गोंदलेला. नांगी नसलेला.

गोवाल खुर्चीत पुढे सरकला. होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारात त्याची आई गोंदवून घेत होती, तेव्हा झोळीतला गोवाल रडायला लागला आणि ती अर्धा विंचू टाकून उठली. तो अर्धाच राहिला. “तुझ्यापायी माझा विंचू लांडा,” म्हणून ती अजून हसते.

तोंड झाकले आणि हात उघडा ठेवला! इकडे बाई हातावरून ओळखतात, एवढे त्या शहाण्यांना कोण सांगणार?

“वळखू उना का रे हात?” अजितने पडद्यावरची नजर न काढता विचारले.

आठ वर्षांत पहिल्यांदा गोवाल त्याच्याशी खोटे बोलला. “नही भाऊ. आठे समद्या बायासना हात असाच ऱ्हातस.”

अजितने हसून त्याच्या मांडीवर थोपटले. मग तळवा पुढे केला. “जीपनी चावी दे.”

गोवालने सवयीने चावी दिली. “कोठे जानं शे, भाऊ?”

“तुन्ही मायकडे,” अजित उठत म्हणाला. “ती बाई कोन शे, ते आमले पहिलेच माहीत व्हतं. तू कोना शेस, तेवढं देखनं व्हतं.”