एका पलंगाची खोली

रविवारी सकाळी कवळ्याने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, मास्तरांचा चष्मा स्वतःच्या सदऱ्याला पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

"बघ आता. पाच काढलीत. पाचही ठिकाणी ही खूण आहे."

हॉटेलच्या नावाशेजारी नखाएवढं इंद्रधनुष्य होतं. खाली लिहिलं होतं, समलिंगी जोडप्यांचं मनापासून स्वागत.

तो दातांच्या कवळ्या करायचा, म्हणून मास्तरांसाठी कवळ्या. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. एकोणीस वर्षं दोघं या घरात राहत होते. इमारतीतल्या लोकांसाठी ते मावसभाऊ होते, आणि मास्तरांच्या ताईसाठी कवळ्या भाडेकरू होता. परगावी गेले तरी दोन पलंगांचीच खोली घ्यायचे, आणि सकाळी रिकाम्या पलंगावरची चादर चुरगळून ठेवायचं काम कवळ्याकडे असायचं. यंदा त्याला पन्नास पूर्ण होत होती. एका देखण्या शहरात चार दिवस झकास राहायचं, आणि एकदा तरी ती चादर चुरगळायची नाही, एवढंच त्याच्या मनात होतं.

"हे स्टेशनपासून लांब आहे," मास्तर पहिल्याबद्दल म्हणाले. दुसऱ्याला लिफ्ट नव्हती. "माझे गुडघे."

"काल टेकडी चढलास तेव्हा कुणाचे होते?"

"तिसऱ्याच्या भिंती भडक आहेत."

"भडक? अरे, मोरपंखी आहे तो, जरा राखाडीकडे झुकलेला. दातांच्या सोळा छटा रोज ओळखतो मी. मला रंग शिकवतोस?"

चौथ्याची न्याहारी उशिरा सुरू व्हायची. "नाचता येईना, अंगण वाकडं," कवळ्या हसून म्हणाला आणि त्याने पाचवं उघडलं. जुन्या छापखान्याचं केलेलं हॉटेल होतं. काळ्यापांढऱ्या फरश्या, गोल लोखंडी जिना, खिडकीशी पितळी दिवा आणि पांढराशुभ्र, रुंद, एकच पलंग. मास्तरांनी बराच वेळ पाहिलं. खोट सापडेना.

"चांगलं आहे," ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. ताईचा व्हिडिओ कॉल होता. कुणी न सांगता कवळ्या लॅपटॉप घेऊन उठला आणि फ्रिजजवळच्या कोपऱ्यात, पडद्यावर दिसणार नाही असा उभा राहिला.

"काय करतोयस रे?"

"पेपर तपासतोय, ताई."

"तुझा तो भाडेकरू आहे का अजून? त्रास नाही ना त्याचा?"

"नाही गं. असतो आपला त्याच्या खोलीत."

ताईने भाच्याच्या नोकरीचं सांगितलं, दुखऱ्या पाठीचं सांगितलं. कवळ्या उभाच होता. फ्रिजची घरघर थांबली तशी त्याने शिंक दाबली.

मास्तरांनी फोन ठेवला. मग कवळ्या पुन्हा टेबलाशी येऊन बसला. त्याने हॉटेलचा नंबर फिरवला आणि स्पीकर चालू केला. एका बाईंनी फोन उचलला.

"खोली हवी होती," कवळ्या म्हणाला. "दोघांसाठी. मोठा एक पलंग. आम्ही दोघं पुरुष आहोत." हे सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं आणि मग श्वास घेतला.

"चालेल की," बाई म्हणाल्या. "खिडकी रस्त्याकडची देऊ की बागेकडची?"

बस, एवढंच. कवळ्याला हसू फुटलं. त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पांढरेफटक पडले होते आणि दोन बोटं वर करून दाखवत होते. दोन. दोन पलंग.

कवळ्याने फोनवर तळहात ठेवला. "मास्तर, तिथे आपल्याला ओळखणारं कुत्रंसुद्धा नसेल."

"मी असेन ना," मास्तर म्हणाले.

"हॅलो? सर, दोन पाहुणे लिहू?"

फोनवरच्या माणसाला जेवढं थांबवता येतं तेवढा वेळ कवळ्या थांबला. मास्तर टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडा जुळवू लागले होते.

"एक," कवळ्या म्हणाला. "एकच लिहा."

"आणि पलंग? एकट्यासाठी छोटीही खोली आहे."

"मोठाच राहू दे."

फोन संपला आणि मास्तरांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्यांनी स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग काढली, ओल्या फडक्याने पुसली, स्वतःचं लोकरी मफलर आणून तिच्यात ठेवलं. आठवडाभरात बोलले नव्हते तेवढं बोलले. तिकडे गारठा असेल, पाकीट आतल्या खिशात ठेव, रात्री गोळी विसरू नकोस. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"रागावलास?"

"नाही," कवळ्या म्हणाला. खरंच राग आला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं.

मास्तर पलंगावर त्याचे सदरे पसरून घड्या घालू लागले. बाह्या आत, कॉलर वर. एक सदरा बॅगेत ठेवून त्यांनी त्यावरून हात फिरवला.

"फोटो पाठव हं. तो जिना, तिथले पूल, सगळ्यांचे. फक्त तू नको मध्ये उभा राहूस. म्हणजे कुणालाही दाखवता येतील."