नाव घ्या

काउंटरवरच्या माणसाने आमची दोन्ही आधार कार्डं शेजारी ठेवून दोन वेगळ्या आडनावांवर बोट टेकवलं. कानपूर स्टेशनमागच्या त्या लॉजमध्ये खोल्या तासांवर मिळत होत्या, तरी संशय आला तो साठी उलटलेल्या आम्हा दोघांचा.

आमच्या लग्नाला बाराच दिवस झाले होते. दोघांचंही दुसरं. रजिस्ट्रारपुढे सह्या झाल्या, मुलांनी पेढे वाटले. उखाण्यात नाव घ्यायचा आग्रह तिला कुणी केलाच नाही.

मी मोडक्या हिंदीत समजावू लागलो. त्याने मला हातानेच थांबवलं आणि तिला विचारलं, “पति का नाम?”

तिने पदर खांद्यावर ओढून घेतला, आजूबाजूला एकवार पाहिलं आणि म्हणाली,

“भिंतीवर पाल, टेबलावर झुरळ, जिन्यात नाही दिवा,
मुकुंदराव सोबत असता राजवाडा कशाला हवा?”

त्याला मराठी कळली नसावी. पण मला लाजताना बघून त्याने निमूट किल्ली पुढे केली.

जिना चढताना मी तिला म्हटलं, “कार्डावरचं आडनाव बदलायची घाई करू नका. परवा लखनौलाही असंच एखादं लॉज बघू.”